घरातल्याच लेकराला आणायला अमेरिकेला जा!

मंडळी, आधी एक कबुली.

पुण्याच्या त्या दांपत्याच्या दत्तकाची बातमी जुलै २०२५ मध्ये आली, तेव्हा मी फक्त मथळा वाचून मोबाईलवरच एक पोस्ट ठोकून दिली होती. "कोर्टाला काळीज नसतं" अशा थाटाची. लाईक भरपूर पडले. आपल्या जिल्ह्यातल्या तीन-चार ग्रुपवर ती फिरली. कुणीतरी त्यावर रडणाऱ्या बाळाचा फोटो चिकटवून स्टेटसला पण ठेवली. नंतर निकालात काय आहे ते बसून वाचलं आणि स्वतःचीच लाज वाटली. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की मथळ्यावरून मत बनवू नये. वीस-बावीस वर्षं बातम्या करून मी तेच केलं. ती पोस्ट काढलेली नाही, खाली तशीच आहे. ज्यांनी ती फॉरवर्ड केली त्यांनी ही पण करावी. लांब आहे, सवडीने वाचा.

प्रकरण असं आहे. पुण्याचं एक दांपत्य. दोघंही भारतीय नागरिक. नात्यातलं एक मूल त्यांनी सांभाळायला घेतलं. मुलाचा जन्म २०१९ चा, अमेरिकेतला. म्हणजे जन्मानेच अमेरिकेचा नागरिक. काही महिन्यांचा असताना तो भारतात आला आणि तेव्हापासून यांच्याच घरी आहे. यांना तो कायद्याने आपला करायचा होता. दत्तकाचं काम बघणारं केंद्राचं प्राधिकरण, ज्याला आपण 'कारा' म्हणतो, त्याने नोंदणी करायला नकार दिला. दांपत्य मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली.

फेटाळताना जे म्हटलं त्याचा सार साध्या भाषेत सांगतो. परदेशी नागरिक असलेलं मूल दत्तक घेण्याचा मूलभूत हक्क भारतीयाला नाही, मग ते मूल नात्यातलं का असेना. बाल न्याय कायदा असं दत्तक कव्हर करतो ते दोनच प्रकारच्या मुलांसाठी : ज्याला काळजी आणि संरक्षणाची गरज आहे ते, किंवा ज्याचा कायद्याशी संघर्ष झाला आहे ते. हे मूल दोन्हीत बसत नाही. तेव्हा तुम्ही अमेरिकेत जा, तिथल्या कायद्याने दत्तक पूर्ण करा, आणि मग मुलाला भारतात आणण्याची पुढची प्रक्रिया करा.

परत वाचा. मुलाला भारतात आणण्याची प्रक्रिया. ते मूल पुण्यात आहे. चालायला, बोलायला ते इथेच शिकलं असणार. त्याला 'घरी आणण्यासाठी' आईबापाने आधी विमानाने परदेशात जायचं.

माझा राग इथूनच सुरू झाला होता आणि तो अजूनही आहे. फक्त पत्ता चुकला होता. कोर्टाने नवीन काही केलं नाही. दत्तकाच्या नियमावलीत भारतीयाने परदेशातलं मूल घेण्याबद्दल जे लिहिलं आहे, ते असंच आहे : आधी त्या देशात, त्या देशाच्या कायद्याने सगळं उरका, मग मुलासाठी व्हिसा काढा, गृह मंत्रालयाची मंजुरी घ्या, मग या. न्यायाधीशांसमोर हा कागद होता. त्यांनी तो वाचून दाखवला. शिव्या द्यायच्याच असतील तर कागद लिहिणाऱ्याला द्या.

माझ्या त्या पोस्टखाली ज्या कमेंट आल्या त्यांचंही उत्तर द्यायचं राहिलं आहे.

साकोलीकडचे एक निवृत्त गुरुजी, मी त्यांना फार मानतो, त्यांनी लिहिलं, "देशात अनाथ पोरं कमी आहेत काय जी? अमेरिकेतलं कायले पाहिजे?" याला शंभरावर लाईक. गुरुजी, तुमचा प्रश्न ऐकायला बरोबर वाटतो, पण हिशोब उलटा आहे. काराच्या यादीत नाव घालून बसलेली दांपत्यं हजारोंनी आहेत आणि लहान, धडधाकट मुलासाठी तीन-साडेतीन वर्षं थांबावं लागतं. २०२४-२५ मध्ये देशात विक्रमी दत्तकं झाली असं सरकारने जाहीर केलं, तो विक्रम ४,५१५ चा आहे. त्यातली ४,१५५ देशातल्या देशात. दीडशे कोटींच्या देशाचा हा विक्रम! आणि दुसरं, या दांपत्याने बाजारात जाऊन अमेरिकेचं मूल निवडलं नव्हतं. ते नात्यातलं होतं. आपल्याकडे बहिणीचं, भावाचं लेकरू मांडीवर घेतात, तसं. फरक एवढाच की ते लेकरू चुकीच्या देशात जन्मलं.

दुसरी कमेंट होती "पैशावाल्यांचे चोचले". याचं उत्तर मी शेवटी देतो, कारण ते थेट आपल्या जिल्ह्यात येऊन पोचतं.

आता कायदा इतका संशयी का झाला ते सांगायला हवं, नाहीतर मी परत तीच अर्धवट पोस्ट लिहीन.

सत्तरच्या, ऐंशीच्या दशकात आपली मुलं परदेशात जात होती आणि कुणी कुठे गेलं याचा पत्ता नसायचा. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. त्या पत्रालाच याचिका मानून न्यायमूर्ती भगवती यांनी ६ फेब्रुवारी १९८४ ला निकाल दिला, आणि परदेशी दत्तकाचे पहिले ठोस नियम तिथून आले. कारा त्यातूनच १९९० मध्ये उभी राहिली. तरी धंदा थांबला नाही. पुण्याच्याच प्रीतमंदिर संस्थेचं प्रकरण आठवा. परदेशी दांपत्यांना मुलं देताना पैसे उकळल्याचे आरोप, आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआय चौकशी. ज्या आयांची मुलं गेली त्या गरीब होत्या. एवढं झाल्यावर कायद्याने दारात उभं राहून प्रत्येकाची पिशवी तपासली तर त्याला मी नाव ठेवणार नाही.

कागद अर्धवट राहिले तर काय होतं तेही याच राज्याने पाहिलं आहे. मुंबईतून १९८९ मध्ये एक लहान मुलगी अमेरिकेत दत्तक गेली. तिकडे तिचे हाल झाले, एका घरातून दुसऱ्या घरात. पण तिचं नागरिकत्व कुणी पूर्ण करून घेतलंच नाही. मोठी झाली, लग्न झालं, दोन मुलं झाली, एका गुन्ह्यात शिक्षा झाली, आणि २००८ मध्ये अमेरिकेने तिला उचलून मुंबईला परत पाठवलं. नवरा आणि मुलं तिकडे, ही इकडे. इथली भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. एका सहीच्या आळसापायी एक बाई दोन देशांच्या मधल्या फटीत पडली. म्हणून "प्रेम असलं की झालं, कागद कशाला" असं जे लोक लिहितात ना, त्यांच्या बाजूला मी नाही.

का नाही, ते माझ्या घरातूनच सांगतो. हे मी इथे कधी लिहिलं नव्हतं.

मी स्वतः दिलेला मुलगा आहे. माझा जन्म तुमसर तालुक्यातला. आम्ही चार भावंडं. पवनीकडे राहणाऱ्या माझ्या मोठ्या बाबांना मूलबाळ नव्हतं. मी पाच वर्षांचा असताना मोठे बाबा आणि मोठी आई मला न्यायला आले. एसटीने. भंडाऱ्याला गाडी बदलावी लागली, स्टँडवर मला केळी घेऊन दिली आणि मी पूर्ण वेळ मोठ्या आईचा पदर धरून होतो, एवढं मला आठवतं. घरी पोचल्यावर चार बायकांनी ओवाळलं, मोठ्या बाबांच्या मांडीवर बसवलं, गूळ वाटला. झालं दत्तक. फोटो नाही. स्टॅम्पपेपर नाही. कुणाला गरजच वाटली नाही, भावाभावांत कसला कागद?

शाळेत दाखल करताना गुरुजींनी विचारलं, बापाचं नाव काय. मोठे बाबा खरं बोलणारा माणूस. त्यांनी जन्मदात्याचं सांगितलं आणि 'पालक' या रकान्यात स्वतःचं. त्या एका खऱ्या बोलण्याची किंमत मी पुढे मोजली. मी त्यांना मोठे बाबा आणि मोठी आईच म्हणत राहिलो, कारण तसंच सवयीचं होतं. आधी ते गेले, मग काही वर्षांनी मोठी आई. दोघांनाही अग्नी मी दिला. तेरवी झाली आणि महिन्याभरात चुलत भावंडांचं म्हणणं आलं की धानाच्या शेतात सगळ्यांचा हिस्सा निघतो, तू दत्तक असशील तर दत्तकपत्र दाखव. दावा झाला. समोरच्या वकिलाने मला विचारलं, "तुम्ही मयत बाईंना काय म्हणत होता?" म्हटलं, मोठी आई. "म्हणजे आई म्हणत नव्हता." बस. ओवाळणाऱ्या चारही बायका तोवर वारल्या होत्या. शेवटी तडजोड केली. जमीन गेली त्याचं मला वाईट वाटत नाही असं म्हटलं तर खोटं होईल, पण जमिनीपेक्षा ते वाक्य जास्त लागलं. कायद्याच्या लेखी मी पस्तीस वर्षं पाहुणा होतो.

तेव्हा कागद मागणारा कायदा मला शत्रू वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. कागद मागा, हजार वेळा मागा, पण तो कागद जिथे मिळतो ती खिडकी तरी ठेवा. या पुण्याच्या मुलासाठी भारतात खिडकीच नाही.

आपला सगळा दत्तक कायदा मूल बाहेर नेणाऱ्यावर नजर ठेवायला शिकला. बरोबर शिकला. परदेशात राहणाऱ्या भारतीयाने इथलं मूल न्यायचं तर त्यासाठी पानंच्या पानं नियम आहेत : नोंदणी, घराची पाहणी, एनओसी, नेल्यावर दोन वर्षं अहवाल. हिंदू दत्तक कायद्याने घेतलेलं मूल परदेशी नेण्यासाठी वेगळी वाट नव्हती, तर २०२१ मध्ये सरकारने नियम बदलून तीसुद्धा करून दिली, जिल्हाधिकाऱ्यांच्या पडताळणीसह. चांगलं केलं. पण उलट दिशेने, मूल आत आणणाऱ्यासाठी, काय आहे? "तिकडे करून या." लिहिणाऱ्याच्या डोक्यात असं होतं की मूल तिकडे आहे आणि आईबाप त्याला आणायला निघालेत. मूल आधीच इथे असेल तर काय, हा प्रश्न त्याला पडलाच नाही.

"तिकडे करून या" म्हणजे काय, याचा विचार करा. अमेरिकेत दत्तकाचा कायदा एक नाही, प्रत्येक राज्याचा वेगळा. तिथे जायला यांना व्हिसा लागणार, तोही मिळेलच असं नाही. तिथला वकील, तिथलं कोर्ट, तारखा. नोकरी सोडून किती महिने राहायचं? आणि जिथे आपण राहतच नाही तिथल्या न्यायाधीशाने आपलं घर चांगलं की वाईट हे कसं ठरवायचं? घर तर पुण्यात आहे. ते घर बघायचं तर पुण्याचाच कुणीतरी अधिकारी जाऊन बघणार ना!

आणि सगळ्यात खटकणारी गोष्ट ही. ज्या हेग कराराचं नाव घेऊन हे सगळं चालतं, १९९३ चा तो करार भारताने २००३ मध्ये मान्य केला. तो करार मुलाच्या पासपोर्टचा रंग विचारतच नाही. मूल नेहमी राहतं कुठे, हे विचारतो. एका देशात राहणारं मूल दत्तकासाठी दुसऱ्या देशात नेलं जातंय का, यावर तो उभा आहे. आता सांगा, काही महिन्यांचा असल्यापासून पुण्यात वाढलेलं मूल नेहमी कुठे राहतं? मी वकील नाही. पण आपल्या नियमावलीने या प्रश्नाला एक सरळ उत्तर लिहून ठेवायला काय हरकत होती?

इथे समजदार माणूस मला अडवेल, आणि अडवावंच. एका वकील मित्राने चहाच्या टपरीवर अडवलंच. म्हणाला, "भाऊ, असं दार उघडलं की उद्या लोक आधी मूल उचलून आणतील, दोन वर्षं लपवून ठेवतील आणि मग म्हणतील, हे तर इथेच राहते जी." हा मुद्दा खरा आहे. दत्तकाच्या नावावर नेपाळ-बांगलादेशकडून मुलं आणणाऱ्या टोळ्यांना वाट करून द्यायची नाही, मलाही नाही द्यायची. म्हणूनच मी सरसकट सूट मागत नाही. बाल न्याय कायद्यात 'नातेवाईक' कोण हे आधीच लिहिलेलं आहे : काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा. तेवढ्यांनाच द्या. जन्मदात्यांची संमती आपल्या वकिलातीसमोर घ्या, नातं पटवून घ्या, त्या देशाच्या दत्तक प्राधिकरणाला कळवून त्यांची हरकत नाही हे लेखी घ्या. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा माणूस घरी जाऊन चौकशी करू द्या. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश देण्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलंच आहे, त्यावर वाद झाले तो भाग वेगळा. मग हाच आदेश त्यांनी या मुलांसाठी का देऊ नये? टोळीवाला चुलत्याचं नातं, वकिलातीतली सही आणि दुसऱ्या सरकारचं पत्र एवढं सगळं आणू शकत नाही. आणलंच तर तो टोळीवाला नाही, खासदार असेल.

मित्र हसला. पण "हे संसदेनं करावं, कोर्टानं नाही" एवढं त्याचं म्हणणं मी मान्य केलं. म्हणून ती जुनी पोस्ट चूक होती आणि ही बरोबर आहे असं मला वाटतं. नियमावली बदलायला संसदेतसुद्धा जावं लागत नाही, महिला व बालविकास मंत्रालयाने एक अधिसूचना काढली तरी बरंच काम होतं.

आता "पैशावाल्यांचे चोचले".

आपल्या जिल्ह्यातून कोण बाहेर जातं बघा. आयटीवाली पोरं अमेरिकेला जातात ती थोडी. पण वेल्डर, फिटर, ड्रायव्हर, नर्स होऊन दुबई, मस्कत, कतारला गेलेले लाखनी, तुमसर, मोहाडीत गावोगाव सापडतात. तिकडे काही बरंवाईट झालं, आई बाळंतपणात गेली, बाप एकटा पडला, तर ते लेकरू कुठे येणार? मामाकडे, मावशीकडे, भंडाऱ्यालाच. आखातात जन्मलं म्हणून तिथलं नागरिकत्व मिळत नाही, तेव्हा ते लेकरू बहुतेक भारतीयच असेल आणि त्याची अडचण पुण्याइतकी मोठी नसेल. पण अमेरिकेत जन्मलेल्या बाळाच्या मावशीकडे निदान उच्च न्यायालयात जाण्याइतके पैसे असू शकतात. शेतमजूर मामाकडे ते नाहीत. त्याला पहिल्या टेबलावर "नाही होत" म्हटलं की तो घरी येतो आणि गूळ वाटतो. माझ्या मोठ्या बाबांसारखा.

ही पोस्ट लिहायचं खरं कारण तेच आहे. माझी जुनी पोस्ट वाचून लाखनी तालुक्यातल्या एका ताईंनी मला मेसेज केला. त्यांची बहीण गेली, बहिणीची मुलगी पाच वर्षांपासून यांच्याकडे आहे. मुलगी इथलीच, परदेशाचा काही संबंध नाही. "आम्ही ओवाळून घेतलं दादा, कागद लागते का?" असं विचारत होत्या. मी त्यांना तेव्हा उत्तर दिलं, "ताई, प्रेमाला कागद लागत नाही." आणि हे उत्तर देणारा मी! ज्याला भर कोर्टात विचारलं होतं की तुम्ही मयत बाईंना काय म्हणत होता.

ताई, जाहीर माफी. कागद लागतो. तुमच्यासाठी तो अमेरिकेत नाही, तालुक्यालाच आहे. हिंदू दत्तक कायदा १९५६ चा आहे. मुलगी पंधरा वर्षांच्या आत हवी, तुमची आहेच. तुम्हाला स्वतःची मुलगी नसावी, तुम्हाला दोन मुलगे आहेत, चालतं. मुलीच्या वडिलांनी द्यायची आणि तुम्ही नवरा-बायकोने घ्यायची. दत्तकपत्र लिहून दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं, देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनी सही केली, की पुढे कोर्ट ते खरंच धरून चालतं, खोटं असं म्हणणाऱ्यालाच पुरावा द्यावा लागतो. माझ्याकडे तो एक कागद असता तर त्या वकिलाला प्रश्न विचारायची सोयच राहिली नसती. ओवाळलं तेव्हाचा मोबाईलवरचा फोटो असेल तर तोही जपून ठेवा. शाळेत नाव लावताना 'पालक' रकान्यावर समाधान मानू नका.

मुलीच्या वडिलांशी माझं फोनवर बोलणं झालं आहे. ते नागपूरला कंपनीत आहेत, सोमवारी सुट्टी काढून येतो म्हणाले. ताई आणि भाऊजी लाखनीहून निघतील. माझा तोच वकील मित्र मसुदा फुकट करून देतोय, त्याच्या चहाचे पैसे माझ्याकडे. स्टॅम्पपेपर शनिवारीच घेऊन ठेवतो. दोन साक्षीदार लागतील. एक मी आहे. दुसरं कुणी येणार असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, सोमवारी अकरा वाजता, आधार कार्ड सोबत आणा.